वळ ते कलिना, वळ ते गणेशखिंड

अंजूर फाट्याहून माणकोलीकडे निघाले की रस्त्याच्या दोन्ही अंगांना गोदामे लागतात. पत्र्याची उंच छपरे, समोर रांगेने उभे ट्रक आणि कंटेनर, मध्येच एखादी चहाची टपरी. याच पट्ट्यात वळ हे गाव आहे. भिवंडी म्हटले की बाहेरच्या माणसाला यंत्रमागांची खडखड आठवते. पण वळ, दापोडे, काल्हेर, पूर्णा, माणकोली ही गावे आज गोदामांवर जगतात. मुंबईत माल आणायचा तर जकात भरावी लागे. इकडे ग्रामपंचायतीच्या हद्दीत जकात नव्हती, जमीन स्वस्त होती आणि मुंबई-नाशिक महामार्ग हाताशी होता. म्हणून व्यापाऱ्यांनी माल इकडे उतरवला. २०१७ साली जीएसटी आला, मुंबईची जकात गेली, पण गोदामे गेली नाहीत. उलट फोनवर मागवलेल्या मालाची नवी गोदामे आली. भाताची खाचरे होती तिथे आज खोक्यांचे डोंगर आहेत.

या खोक्यांखाली आपल्या समाजाची पाठ वाकते, म्हणून ही ओळख करून दिली. वळमधल्या ज्या घराची हकीकत आज सांगायची आहे, त्या घरातले दादा गोदामात हमाली करतात. वहिनी दुसऱ्या गोदामात पॅकिंगला जातात. दोघेही ठेकेदाराकडे, रोजावर. खाडा झाला की त्या दिवसाचे पैसे गेले. दोन खोल्यांचे घर, दोन धाकटे मुलगे आणि थोरली मुलगी. ही मुलगी भिवंडीच्या कॉलेजातून अर्थशास्त्र घेऊन बी.ए.ला बसली होती. त्या घराण्यातली पहिली पदवीधर मुलगी ती होणार होती.

२०२५ च्या मे महिन्यात एका रात्री दादा आमच्याकडे आले. आम्ही एका कार्यालयात कारकून. वस्तीतल्या मुलांचे फॉर्म भरून देणे, दाखल्यांसाठी तहसील कार्यालयाच्या फेऱ्या मारणे हे आमचे फावल्या वेळचे काम. दादा म्हणाले, “भाऊ, पोरगी एम.ए. करायचं म्हणते. कोण म्हणतं मुंबई विद्यापीठ, कोण म्हणतं पुणे विद्यापीठ. तुम्ही सांगाल तिथं घालतो.”

आम्ही सांगू तिथे! हे ऐकून आम्हाला बरे वाटण्याऐवजी भीती वाटली. कारण आमच्या बाबतीत कोणीतरी असेच सांगितले होते. २००१ साली आम्ही बी.कॉम. झालो. त्या वर्षी वडिलांचा माग बंद पडला. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले, आम्ही नोकरीला लागलो. एम.कॉम.साठी आणलेला कोरा फॉर्म आजही पेटीत आहे. निर्णय चुकला असे आम्ही म्हणत नाही, घर त्यावर तरले. पण आम्हाला कोणी विचारले नव्हते, हे मात्र खरे.

म्हणून दादांना आम्ही म्हटले, “आधी दोन्ही ठिकाणे डोळ्यांनी पाहू. मुलीला सोबत नेऊ. मग ती सांगेल.”

पहिली फेरी कलिन्याची. आम्ही किरकोळ रजा टाकली. सकाळी साडेसहाला वळहून निघालो. शेअर रिक्षाने माणकोली नाका; तिथे कंटेनरच्या रांगेत पाऊण तास गेला. पुढे बसने ठाणे. मुलगी बायकांच्या डब्यात चढली, आम्ही पुरुषांच्या. कुर्ल्याला उतरून पुन्हा बस धरली. विद्यानगरीच्या फाटकात पाय ठेवला तेव्हा घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटे झाली होती. जायलाच दोन तास चाळीस मिनिटे लागली.

आत मात्र जीव शांत झाला. बाहेर वाहनांचा कल्लोळ आणि आत झाडी, मोकळे रस्ते, विभागांच्या इमारती. जवाहरलाल नेहरू ग्रंथालयाकडे जाणारी मुले-मुली पाहून आमची मुलगी थबकलीच. परीक्षा विभागाच्या इमारतीवर महात्मा जोतिराव फुले यांचे नाव आहे, ते तिने दोनदा वाचले. इथला अर्थशास्त्र विभाग जुना, १९२१ पासूनचा. देशाच्या नियोजनाच्या चर्चेत ज्यांचा शब्द वजनाने घेतला जाई ते प्रा. सी. एन. वकील याच विभागाचे. रिझर्व्ह बँक मुंबईत, शेअर बाजार मुंबईत, मोठ्या बँकांच्या कचेऱ्या मुंबईत. अर्थशास्त्र शिकणाऱ्याला पुस्तकातला बाजार खिडकीतून दिसावा असे हे ठिकाण.

दुपारी आम्ही मुद्दाम तिला फोर्टात नेले. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. ओव्हल मैदानासमोर राजाबाई टॉवर उभा आहे. तो १८७८ साली पुरा झाला. प्रेमचंद रायचंद या व्यापाऱ्याने देणगी दिली आणि मनोऱ्याला आपल्या आईचे नाव दिले. मुलगी वर बघत म्हणाली, “काका, एवढ्या मोठ्या घड्याळाला आईचं नाव!” तिथून चालत काळ्या घोड्याकडे गेलो आणि एल्फिन्स्टन कॉलेजची दगडी इमारत दाखवली. १९०८ साली बाबासाहेब या कॉलेजात दाखल झाले. बडोद्याच्या महाराजांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून शिक्षण पुढे सरकले आणि मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी हाती आली. त्यांचे विषय होते अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र. हाच विषय आपला, हे लक्षात येताच मुलीने पदर सावरावा तशी ओढणी सावरली.

पुढे १९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठाच्या कायद्याची चर्चा निघाली तेव्हा, विद्यापीठाच्या कारभारात मागासवर्गीयांना जागा हवी, अशी बाजू बाबासाहेबांनी मांडली होती. म्हणजे विद्यापीठ ही आपल्यासाठी नुसती पदवी आणण्याची जागा नाही. तिथे आपले माणूस बसले पाहिजे, हा विचार फार जुना आहे.

परतीच्या गाडीत उभे राहायला जागा नव्हती. वळला पोचलो तेव्हा रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. वहिनी पॅकिंगवरून येऊन पाणी भरून, भाकऱ्या टाकून बसल्या होत्या. मुलीने हात धुतले, ताटावर बसली आणि दुसरा घास हातात असतानाच तिचा डोळा लागला. वहिनींनी तिच्या हातातला घास हळूच काढून ताटात ठेवला. त्या काही बोलल्या नाहीत.

दुसरी फेरी पुण्याची. जूनची सुरुवात होती. ओळखीच्या रिक्षावाल्याने पहाटे पाचला उचलले. रांजनोली नाका, कोन, दुर्गाडीचा पूल आणि कल्याण स्टेशन. तिथून इंद्रायणी एक्स्प्रेस. कर्जतला घाट चढण्यासाठी मागे जोडइंजिने लागली, फलाटावर वडापाववाले धावले. मुलीने खंडाळ्याचा घाट पहिल्यांदाच पाहिला. मळवली आले तेव्हा आम्ही बोट दाखवून सांगितले की या डोंगरांत कार्ले आणि भाजे लेणी आहेत. ती म्हणाली, “आपल्या तालुक्यातल्या लोनाडसारखी?” आम्ही म्हटले, हो, पण खूप मोठी. पुढे देहूरोड मागे पडले. तिथल्या विहारात २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्तीची स्थापना केली. गाडी तिथे थांबत नाही. आम्ही दोघांनी बसल्या जागी हात जोडले. मग दापोडी आले. आमच्या वळशेजारी दापोडे, इकडे दापोडी. इथे वहिनींची चुलत बहीण राहते, ही गोष्ट पुढे कामी आली.

पुणे स्टेशनहून बसने गणेशखिंडीला गेलो. विद्यापीठाचे आवार ४११ एकरांचे. मुख्य इमारत म्हणजे इंग्रज गव्हर्नरांचा पावसाळ्यातला बंगला. जिथे साहेबाच्या परवानगीवाचून कोणाला पाऊल टाकता येत नसेल, तिथे १९४९ साली विद्यापीठ आले. पहिले कुलगुरू डॉ. मु. रा. जयकर. त्यापूर्वी पुण्यातली कॉलेजे मुंबई विद्यापीठालाच जोडलेली होती. म्हणजे ज्या दोन विद्यापीठांची आपण तुलना करतो ती एकाच झाडाची. २०१४ साली या विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. ज्या पुण्यात मुलींना शिकवायला निघालेल्या सावित्रीमाईंवर शेण फेकले गेले, त्या पुण्यातल्या पदवीच्या कागदावर आज त्यांचे नाव छापले जाते. मुख्य इमारतीच्या परिसरातल्या त्यांच्या पुतळ्यापुढे मुलगी बराच वेळ उभी होती. आम्ही घाई केली नाही.

जयकर ग्रंथालयाच्या बाहेर पायऱ्यांवर एक मुलगी डबा खात बसली होती. बीड जिल्ह्यातली, ऊसतोड कामगाराची लेक, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या मुलीला तिने जवळ बसवून घेतले. आम्ही जरा लांब उभे राहिलो. पण कान तिकडेच होते. ती म्हणाली, “ताई, नुसतं चांगलंच सांगत नाही. वसतिगृह लगेच मिळेल असं धरून चालू नकोस, यादी लागते. जेवण घरासारखं नसतं. पुस्तकं इंग्रजीत, पहिले चार महिने मला काही कळायचं नाही. शब्दकोश घेऊन रोज दोन पानं वाचायची, असं ठरवलं. आता पंधरा वाचते. पण एक सांगते, रात्री अकरा वाजता पुस्तक मिटायला सांगणारं इथं कोणी नाही.”

तिने आणखी एक उपयोगाची माहिती दिली. या विद्यापीठात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी जो मार्ग घालून दिला तोच. विभागात, ग्रंथालयात, बागेत ठराविक तास काम करायचे आणि तासाप्रमाणे पैसे घ्यायचे. ती स्वतः त्यात होती. हाताला काम करायची सवय असलेल्या मुलीला यात कमीपणा वाटण्याचे कारण नाही.

घरी आल्यावर रविवारी सगळे आमच्याकडे जमले. आम्ही कारकून, वहीत दोन रकाने पाडले. एकावर ‘कलिना’, दुसऱ्यावर ‘गणेशखिंड’.

विभागाचे नाव दोन्हीकडे मोठे. शिक्षक दोन्हीकडे चांगले. वर्तमानपत्रात येणारे क्रमांक दरवर्षी खाली-वर होतात. त्यावर लेकराचे दोन वर्षांचे आयुष्य बेतता येत नाही. भारत सरकारची शिष्यवृत्ती दोन्हीकडे. पालकांचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत हवे, अर्ज महाडीबीटीवर करायचा. वसतिगृहात नंबर लागला नाही तर समाजकल्याणची ‘भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना’ आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ती २०१६-१७ पासून सुरू झाली. मुंबई-पुण्यासारख्या मोठ्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये ठरवले होते: भोजनाला ३२ हजार, राहण्याला २० हजार, बाकी खर्चाला ८ हजार. तिच्या अटी व रकमा भरतीवेळी समाजकल्याण कार्यालयात विचारून घ्याव्यात. पैसे हातात पडेपर्यंत पदरचे घालावे लागतात, हेही आम्ही वहीत लिहिले.

फरक पुढे आला. पुण्यासाठी प्रवेश परीक्षा द्यायची, मुंबई विद्यापीठाचे स्थलांतर प्रमाणपत्र काढायचे, ट्रंक, गादी, खानावळ. कलिन्याला यातले फारसे काही नाही. पास काढला की झाले. दादांचा चेहरा खुलला. “म्हणजे कलिनाच बरं. पोरगी घरातून जाईल, घरात येईल.”

तेव्हा आम्ही तिसरा रकाना पाडला. जायला-यायला रोज पाच तासांवर. महिन्याचे २४ दिवस धरले तर १२० तास. म्हणजे महिन्यातले पाच दिवस आणि पाच रात्री गाडीत. वर्षाचे दहा महिने शिकवणी धरली तर १२०० तास, पुरे पन्नास दिवस. आणि घरी आल्यावर? दोन खोल्या, पाच माणसे, एक दिवा.

दादा म्हणाले, “अहो, बाबासाहेब पण एका खोलीतच शिकले ना?”

हा मुद्दा आपल्या घराघरांत निघतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो. होय, परळच्या चाळीतील एका खोलीत बाबासाहेब शिकले. पण त्या खोलीत रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागत, मग भीमाला उठवीत आणि तो उठला की स्वतः झोपत. घर निजले असताना मुलाला अभ्यासाची वेळ मिळावी म्हणून म्हाताऱ्या बापाने आपली झोप दिली. खोली एकच होती. पण त्या खोलीतला शांत वेळ कोणीतरी राखून ठेवला होता. पुढे १९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून यावे लागले. त्यांनी सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, शाहू महाराजांची आणि मित्राची मदत घेतली आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. ते मुंबईतही वाचू शकले असते. पण जिथे दिवसभर ग्रंथालयात बसता येईल अशा ठिकाणी जायचे, हे त्यांनी ठरवलेच होते.

दादा गप्प झाले. आम्ही वहिनींकडे पाहिले. इतका वेळ त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊ, खरं सांगू का? ती घरी राहिली ना, तर मी तिला काम सांगीन. मुद्दाम नाही. दमून आल्यावर तोंडातून निघतंच, जरा कणीक मळ, जरा भावाचा अभ्यास घे. पोरांना कोणी सांगत नाही, तिलाच सांगतो आपण. मी कितीही ठरवलं तरी माझं तोंड थांबायचं नाही. ती लांब असेल तरच थांबेल.”

खोलीत कोणी बोलेना. आम्ही वही मिटली. जो हिशेब आम्हाला तीन रकान्यांत मांडता आला नाही, तो त्या माउलीने चार वाक्यांत मांडला. जवळचे विद्यापीठ मुलाला जवळ असते. मुलीला ते जवळ असले की ती घरातलीच राहते. विद्यार्थिनी व्हायला तिला उसंत मिळत नाही. आपण हे रोज करतो आणि आपल्याला ते दिसत नाही.

मग आम्ही मुलीला विचारले, तुझे काय? ती म्हणाली, “मला पुण्याला जायचंय. पण आईचं कसं होईल?” वहिनी म्हणाल्या, “आईचं आई बघेल. पाणी पोरं भरतील. हात आहेत त्यांना.” धाकटे दोघे एकमेकांकडे बघू लागले. त्या दिवसापासून ते पाणी भरतात. एकाने सुरुवातीला तोंड वाकडे केले, आता करत नाही.

तिने दोन्हीकडे अर्ज भरले. पुण्याची प्रवेश परीक्षा दिली, यादीत नाव आले. वसतिगृहाची जागा लगेच मिळाली नाही. तोवर महिनाभर ती दापोडीला मावशीकडे राहिली. जायच्या दिवशी दादांनी खाडा केला. ट्रंक डोक्यावर घेऊन ते कल्याणच्या फलाटावर आले. आयुष्यभर दुसऱ्याचा माल उचलणारा हा माणूस त्या दिवशी कोणाला ट्रंकेला हात लावू देईना. गाडी सुटल्यावर आम्हाला म्हणाले, “भाऊ, हे ओझं लागलं नाही बघा.”

आता कोणी म्हणेल, मग सगळ्यांनी पुण्यालाच जावे का? मुळीच नाही. आमच्याच ओळखीच्या एका मुलाची आई आजारी असते. तो रात्री गोदामात मालाची नोंद करतो आणि दिवसा कलिन्याला जातो. त्याच्या घराला त्याची गरज आहे आणि मुंबईत राहून त्याची शिक्षणाची व नोकरीची दोन्ही कामे होतात. त्याच्यासाठी कलिनाच योग्य. जालना-बीडकडच्या मुलांना छत्रपती संभाजीनगरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ जवळचे. त्या नावासाठी आपल्या माणसांनी किती सोसले, १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत किती वर्षे गेली, हे वाचकांना सांगायला नको. विद्यापीठे मोठी आहेतच. त्यातले आपल्या लेकराला कोणते, हे त्याच्या घराकडे पाहून ठरवावे लागते.

तेव्हा बंधू-भगिनींनो, बारावीनंतर असो की पदवीनंतर, हा प्रश्न तुमच्या घरी आला तर एवढे करा. दोन्ही ठिकाणी एकदा स्वतः जा. भाड्याचे पैसे वाया जात नाहीत. तिथल्या साहेबाला विचारा, पण पायरीवर डबा खाणाऱ्या आपल्या मुलीलाही विचारा. उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला मे महिन्याच्या आत काढून ठेवा; जूनमध्ये रांगा लागतात. अर्ज दोन्हीकडे भरा. पैशांचा हिशेब मांडा, तसा तासांचाही मांडा. घरी अभ्यासाला रोज किती तास मिळतील, हे आईने मनाशी धरून खरे सांगावे. आणि शेवटी ज्याला शिकायचे आहे त्याला विचारा.

दिवाळीच्या सुट्टीत मुलगी वळला आली होती. संध्याकाळी आमच्याकडे आली, हातात इंग्रजी पुस्तक होते. आम्ही विचारले, रोज किती पाने? म्हणाली, “सात होतात, काका.” घरातून वहिनींची हाक आली, “अगं, जरा कणीक...” आणि त्या मध्येच थांबल्या. मग धाकट्याला हाक मारली.

जयभीम.